कॉलेजच्या कुंपणाबाहेर : व्यसन, हिंसा आणि पिंपळे गुरवसारख्या उपनगराची जबाबदारी

पवनेच्या काठचे पिंपळे गुरव कॉलेजांसाठी ओळखले जात नाही, पण कॉलेजची मुले इथे राहतात. शेजारी सांगवीत बाबूरावजी घोलप महाविद्यालय आहे. कासारवाडीहून लोकल धरली की पिंपरी, चिंचवड, आकुर्डीची कॉलेजे जवळ पडतात आणि औंधमार्गे विद्यापीठही फार लांब नाही. पुण्यातल्या पेठांपेक्षा खोलीभाडे परवडते. म्हणून बीड, लातूर, नांदेड, जळगावकडची मुले इथे तिघे-चौघे मिळून खोली घेतात, नाहीतर कॉट बेसिसवर राहतात. त्याच इमारतीत भोसरी-चाकणला पाळीवर जाणारे कामगार असतात, डिलिव्हरीचे काम करणारी पोरे असतात. कित्येकांच्या बाबतीत विद्यार्थी आणि कामगार ही एकच व्यक्ती असते. दिवसा वर्ग, रात्री पाळी.

'कॉलेज कॅम्पस नशामुक्त आणि हिंसामुक्त कसे करायचे' हा प्रश्न आपण नेहमी प्राचार्यांना विचारतो. फाटकावर सुरक्षारक्षक, भिंतीवर फलक, वर्षातून एक व्याख्यान, २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिनाची फेरी ही त्याची ठरलेली उत्तरे. पण विद्यार्थी कॉलेजात असतो पाच-सहा तास. उरलेला वेळ तो खोलीवर, मेसमध्ये, टपरीवर, जिममध्ये, कामावर आणि मोबाइलमध्ये असतो. पुडी पहिल्यांदा हातात पडते ती बहुतेकदा तिथेच, आणि भांडणाचे रूपांतर मारामारीत होते तेही तिथेच. या प्रश्नाचा आजवरचा इतिहास, कायदा आणि जगभरचा अनुभव तपासला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. प्रतिबंधाची जबाबदारी कॉलेजच्या कुंपणात कोंडून ठेवली तर ती अपुरी पडते. मुले राहतात त्या वस्तीने ती कॉलेजबरोबर वाटून घ्यावी लागते.

गर्दपासून एमडीपर्यंत

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. १९८०च्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे तेव्हाच्या बोलीतली गर्द, शहरात शिरली आणि सुशिक्षित घरांतल्या कॉलेजच्या मुलांपर्यंत पोचली. डॉ. अनिल अवचट यांनी या मुलांशी बोलून 'गर्द' लिहिले आणि मराठी वाचक हादरला. ते लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला. त्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. ते घडवले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. व्यसन हा आजार आहे, व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, त्याला मारहाण करायची नाही, त्याच्या कुटुंबालाही उपचारात सामील करून घ्यायचे आणि बऱ्या झालेल्या माणसाला पुढच्याच्या मदतीला उभे करायचे, ही मुक्तांगणची रीत. कॉलेजातल्या व्यसनाबद्दल महाराष्ट्राने कमावलेले हे सर्वांत मोलाचे शहाणपण आहे, आणि ते आपल्याच शहरात तयार झाले आहे.

गर्द बाहेरून यायची. आजच्या एमडीची, म्हणजे मेफेड्रोनची, गोष्ट वेगळी आहे. ५ फेब्रुवारी २०१५ रोजी हा पदार्थ अमली पदार्थांच्या केंद्रीय कायद्याखाली आणला गेला. तो रसायनांपासून बनतो, त्यामुळे त्याला अफूचे शेत लागत नाही. त्याला हवी असतात रसायने, ती हाताळणारा जाणकार आणि चौकशी न होणारी एखादी शेड. औद्योगिक पट्ट्यात या तिन्ही गोष्टी सापडतात. ऑक्टोबर २०२०मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरात २० किलो एमडी पकडले. त्याच प्रकरणातला एक प्रमुख आरोपी पुढे ससून रुग्णालयात उपचारासाठी असताना तिथूनच अमली पदार्थांचा व्यवहार चालवत असल्याचे सप्टेंबर २०२३मध्ये उघड झाले. २ ऑक्टोबरला तो पळाला आणि राज्यभर खळबळ उडाली. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी विश्रांतवाडी, दौंड तालुक्यातले कुरकुंभ आणि दिल्ली अशा ठिकाणी छापे घालून १,७०० किलोंहून अधिक एमडी जप्त केले. कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते बनत होते.

त्यानंतर काहीच दिवसांत, मार्च २०२४च्या सुरुवातीला, आपल्या शेजारच्या पिंपळे निलखमध्ये दोन किलो एमडीसह एक जण पकडला गेला. तपास पुढे सरकला तसा साठा सुमारे ४५ किलोंवर पोचला आणि पिंपरी-चिंचवड पोलीस दलातल्याच एका उपनिरीक्षकाला अटक झाली. गुन्हा उघडकीला आणला तोही याच दलाने, ही बाब त्याच्या खात्यावर जमाच धरली पाहिजे. पण पिंपळे गुरवच्या पालकाने यातून घ्यायचा अर्थ साधा आहे. हा पदार्थ आता दूरच्या महानगरातून येत नाही. तो आपल्याच पट्ट्यात तयार होतो, आपल्याच रस्त्यांवरून जातो आणि शेजारच्या उपनगरात साठवला जातो. माल इतका जवळ असला की तो विद्यार्थ्यापर्यंत पोचायला फार माणसे लागत नाहीत.

पुडीच्या आधी

बातम्या एमडीच्या होतात, पण विद्यार्थ्यांच्या आयुष्यात सर्वांत मोठा वाटा दारू आणि तंबाखूचा आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करताना आढळले, आणि त्यांतले बहुसंख्य मळून, चघळून किंवा मिश्रीच्या रूपात. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, तरी तो मिळतो. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पितात आणि २.८ टक्के लोक भांग, गांजा, चरस यांपैकी काही घेतात. त्याच पाहणीतला आणखी एक आकडा काळजी वाढवणारा आहे. सोल्युशन, व्हाइटनर यांसारखे हुंगायचे पदार्थ घेण्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आहे. म्हणजे कॉलेजात येण्याआधीच काहींचा प्रवास सुरू झालेला असतो.

महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी वयाची २१ वर्षे आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. म्हणजे पदवीच्या वर्गातल्या जवळपास कोणालाही कायद्याने कडक मद्य मिळू नये. प्रत्यक्षात काय होते ते १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये साऱ्या देशाने पाहिले. पबमध्ये दारू मिळालेल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. त्याच वर्षी जूनमध्ये फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका बारमधल्या कथित अमली पदार्थ सेवनाची चित्रफीत पसरली आणि कारवाईची धावपळ झाली. प्रसंगानंतरची धावपळ आपल्याला येते. रोजची तपासणी मात्र आपण अंगवळणी पाडलेली नाही.

गेल्या काही वर्षांत यात आणखी एक भर पडली आहे. रक्तदाब फार खाली गेलेल्या रुग्णाला रुग्णालयात द्यायचे मेफेन्टरमाइनचे इंजेक्शन व्यायामशाळेत जाणारी मुले दम टिकावा म्हणून टोचून घेतात, आणि ते बेकायदा विकणाऱ्यांवर पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये वारंवार गुन्हे दाखल झाले आहेत. जिममध्ये जाणाऱ्या मुलाला आपण नशा करतो आहोत असे वाटतच नाही. शरीर कमावतो आहोत या समजुतीत तो हृदयाशी खेळत असतो.

एमडी मुलांना का ओढते, हेही समजून घ्यायला हवे. ते झोप उडवते, काही काळ उत्साह आणि आत्मविश्वास देते. रात्रपाळी करून सकाळी प्रॅक्टिकलला बसणाऱ्या किंवा परीक्षेआधी चार रात्री जागू पाहणाऱ्या मुलाला ते सुरुवातीला मदत करते असे वाटते. त्याचा परिणाम लवकर ओसरतो, म्हणून पुन्हा घ्यावेसे वाटते. मग झोप जाते, भूक जाते, छातीत धडधड होते, संशय वाढतो, आणि नशा उतरल्यावर खोल उदासी येते. पैसे संपले की उधारी सुरू होते. उधारी फेडण्यासाठी चार मित्रांना पुड्या पोचवायला सांगितले जाते. घेणारा विकणारा होतो तो इथे. कायद्याच्या नजरेत तो आता विक्रेता असतो. घरच्यांना मात्र तो अजून पहिल्या वर्षाचा विद्यार्थीच वाटत असतो.

हिंसेचे अनेक चेहरे

कॉलेजातली हिंसा म्हटले की पहिला शब्द येतो रॅगिंग. महाराष्ट्राने १९९९मध्येच रॅगिंगविरोधी कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोषी विद्यार्थ्याला काढून टाकण्याची आणि पाच वर्षे अन्य संस्थेत प्रवेश न देण्याची तरतूद आहे. तक्रारीकडे दुर्लक्ष करणारा संस्थाप्रमुख हा गुन्ह्याला साथ देणारा मानला जातो. एवढा कडक कायदा असूनही २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या, जळगावच्या आदिवासी समाजातल्या डॉ. पायल तडवी यांनी छळाला कंटाळून आयुष्य संपवले असा आरोप झाला. त्या प्रकरणाने दाखवून दिले की उच्चशिक्षितांच्या वसतिगृहातही जातीचा अपमान ही हिंसाच असते आणि ती जखम बाहेरून दिसत नाही.

दुसरा चेहरा आहे टोळीचा. २०२२-२३च्या सुमारास पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये कोयता घेऊन दहशत माजवणाऱ्या पोरांच्या बातम्या रोजच्या झाल्या. त्यांत अल्पवयीन मुलेही होती. कोयता विकत घेणाऱ्याचे आधार कार्ड घ्यावे अशी सूचना दुकानदारांना करण्यापर्यंत पोलिसांना जावे लागले. हातात हत्यार घेऊन रील टाकायची, कोणा 'भाई'च्या वाढदिवसाला तलवारीने केक कापायचा, आणि त्याखाली येणाऱ्या प्रतिक्रियांना मान समजायचे. ज्याला वर्गात, खेळात, घरात कुठेच मान मिळत नाही त्याला तो टोळीत मिळतो. पोलीस हत्यार काढून घेऊ शकतात. मानाची ती गरज दुसऱ्या कुठल्या तरी चांगल्या जागी भागवणे हे समाजाचे काम आहे.

तिसरा चेहरा नकार न पचवणाऱ्या मुलाचा. २७ जून २०२३ रोजी सदाशिव पेठेत पेरूगेटजवळ भर दिवसा एका तरुणाने कोयता घेऊन मुलीचा पाठलाग केला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांनी जिवावर उदार होऊन तो हात धरला म्हणून ती वाचली. त्या मुलांचे सत्कार झाले, ते योग्यच झाले. पण अशा हल्ल्याआधी पाठलाग, फोनवरून धमक्या, मित्रांच्या ग्रुपवरची बढाई अशा अनेक पायऱ्या चढलेल्या असतात. त्या पायऱ्यांवर कोणी तरी मित्र उपस्थित असतो. तिथेच अडवायला शिकवणे म्हणजे प्रतिबंध.

राजकारणाचाही एक धडा आहे. १९८९मध्ये मुंबईत ओवेन डिसूझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. त्यानंतर १९९४च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रातल्या थेट विद्यार्थी निवडणुका बंद झाल्या. २०१६च्या कायद्याने त्या पुन्हा आणल्या, तरी प्रत्यक्षात त्या लांबणीवरच पडत राहिल्या. हिंसा टाळण्यासाठी उचललेल्या पावलाने विद्यार्थ्यांचा अधिकृत आवाजही गेला. आज वसतिगृहातल्या छळाबद्दल किंवा गेटसमोरच्या टपरीबद्दल प्रशासनाशी बरोबरीने बोलू शकेल असा निवडून आलेला प्रतिनिधी बहुतेक कॉलेजांत नाही. ही उणीव साधी नाही.

व्यसन आणि हिंसा या चेहऱ्यांआड एकमेकांत गुंतलेली असतात. दारूने संयम सुटतो, एमडीने संशय वाढतो, उधारीने धमक्या सुरू होतात आणि विक्रीसाठी टोळी लागते. उलट बाजूने, छळ सोसणारा मुलगा किंवा मुलगी झोप येत नाही म्हणून नशेकडे वळते. असे असताना आपल्या कॉलेजांत रॅगिंगविरोधी समिती वेगळी, लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती वेगळी, तंबाखूविरोधी समिती वेगळी. एकाच विद्यार्थ्याची माहिती तीन फायलींत विखुरलेली राहते आणि तो विद्यार्थी कोणालाच पूर्ण दिसत नाही.

कायदा आहे, वापर कमी आहे

शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३च्या कायद्याने बंदी आहे. ई-सिगारेटवर २०१९पासून पूर्ण बंदी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. अकरावी-बारावीची मुलेही कनिष्ठ महाविद्यालयातच असतात, म्हणून ही तरतूद कॉलेजांनाही लागू पडणारी आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९चे रॅगिंगविरोधी नियम आपण हमीपत्र भरण्यापुरते वापरतो. हिमाचल प्रदेशात अमन काचरू या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर ते आले. त्यांत दोन मोलाच्या गोष्टी आहेत. पहिली अशी की दर सहा नव्या विद्यार्थ्यांमागे एक ज्येष्ठ विद्यार्थी मार्गदर्शक असावा. दुसरी अशी की कॉलेजबाहेरच्या खासगी वसतिगृहांची स्थानिक पोलिसांकडे नोंद व्हावी आणि तिथेही लक्ष असावे. म्हणजे कुंपणाबाहेरची जबाबदारी नियमांनी केव्हाच मान्य केली आहे. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा असे बंधनकारक केले, आणि त्या निर्देशांच्या कक्षेत कोचिंग क्लास व वसतिगृहेही आणली.

सर्वांत कमी माहीत असलेली तरतूद अमली पदार्थ कायद्याच्या ६४-अ कलमात आहे. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा त्यांनी मान्यता दिलेल्या केंद्रात उपचाराला गेली, तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. पालक मुलाचे व्यसन लपवतात ते बहुतेकदा पोलिसांच्या भीतीने. हे कलम प्रत्येक प्रवेशपुस्तिकेत मराठीत छापले तर किती घरांची दारे उघडतील!

काय उपयोगी पडते, काय नाही

जगाने यात बरेच प्रयोग केले आणि त्यांतले काही चक्क फसले. अमेरिकेत १९८३पासून पोलीस अधिकारी वर्गात येऊन अमली पदार्थांविरुद्ध शिकवू लागले. 'डेअर' नावाचा हा कार्यक्रम अफाट लोकप्रिय झाला, पण अभ्यासकांनी मोजमाप केले तेव्हा मुलांच्या व्यसनावर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिबंधविषयक निकषांतही स्पष्ट म्हटले आहे की नुसती माहिती देणे, भीती दाखवणे किंवा माजी व्यसनी व्यक्तींना मंचावर उभे करून अनुभवकथन करवणे यांनी प्रतिबंध होत नाही. कधी उलटाही परिणाम होतो. आपल्याकडचे बहुतेक कार्यक्रम नेमके याच तीन गोष्टींवर उभे आहेत. व्यसनातून बाहेर आलेला माणूस उपचारात असलेल्याला फार मोठा आधार देतो. तोच माणूस पाचशे मुलांच्या सभागृहात बोलला तर काहींना फक्त त्याचे थरारक किस्से लक्षात राहतात.

मग उपयोगी काय पडते? नकार कसा द्यायचा, राग कसा आवरायचा, दडपण कसे हाताळायचे याचा गटांत बसून अनेक आठवडे केलेला सराव. खरी आकडेवारी सांगणे, कारण 'सगळेच पितात' असा विद्यार्थ्यांचा समज प्रत्यक्षापेक्षा बराच फुगलेला असतो. धोक्याच्या उंबरठ्यावर असलेल्या विद्यार्थ्याशी दोष न देता केलेली एक-दोन छोटी, खासगी संभाषणे. दारूच्या बाबतीत कॉलेजांत या पद्धतीचा फायदा अनेक अभ्यासांत दिसला आहे. आणि मित्राची तब्येत नशेने बिघडली तर मदतीला फोन करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही अशी लेखी हमी.

आइसलंडचे उदाहरण तर आपल्याला थेट उपयोगाचे आहे. १९९८मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचे सांगितले होते. २०१६मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. त्यांनी दरवर्षी मुलांची पाहणी केली, तिचे निष्कर्ष त्या त्या गावाला आणि शाळेला दिले, पालकांना एकत्र बांधले, आणि खेळ-संगीत-कलेसाठी प्रत्येक मुलाच्या नावे पैसे दिले. कोयत्याच्या प्रश्नाला स्कॉटलंडकडून शिकता येईल. २००५मध्ये ग्लासगोच्या पोलिसांनी चाकूहल्ल्यांकडे साथीच्या रोगासारखे पाहायचे ठरवले आणि हिंसा कमी करण्यासाठी वेगळा विभाग काढला. टोळीतल्या पोरांना एकत्र बोलावले, मुलगा गमावलेल्या आईचे आणि जखमा शिवणाऱ्या डॉक्टरचे म्हणणे ऐकवले, आणि त्याच खोलीत शिक्षण, काम, उपचार यांचा पर्याय दिला. हिंसा सोडली तर मदत, नाही सोडली तर सगळ्या टोळीवर कारवाई, असा तो सरळ व्यवहार होता.

हे सगळे परके वाटू नये. १९६३पासून चाललेल्या पुरुषोत्तम करंडकासाठी पुण्यातली कॉलेजची मुले कित्येक आठवडे रात्री जागून तालमी करतात. त्यात मैत्री असते, शिस्त असते, हरणे असते, ज्येष्ठ विद्यार्थी असतो आणि टाळीही असते. ढोल-ताशा पथक, कबड्डीचा संघ, कुस्तीची तालीम, एनएसएसचे शिबिर यांतही तेच असते. आइसलंडने सरकारी पैशाने जे उभारले त्याची बीजे आपल्याकडे आहेत. ती सगळ्या मुलांपर्यंत पोचत नाहीत, आणि पथकाच्या किंवा मंडळाच्या मागच्या अंगणात दारू चालू दिली तर तीच बीजे किडतात.

उपचाराचे दार

प्रतिबंध आणि उपचार यांत भिंत नसते. एम्सच्या त्याच पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी फक्त एकाला काही मदत मिळाल्याचे आढळले. बेकायदा अमली पदार्थांच्या बाबतीत हे प्रमाण २० जणांत एक होते. विद्यार्थ्यांत तर लाज आणि शिक्षणातून काढून टाकले जाण्याची धास्ती यांची भर पडते. कॉलेजने पुडी सापडलेल्या मुलाला थेट दाखला हातात दिला, तर तो मुलगा शिक्षकांच्या नजरेतून सुटतो आणि विक्रेत्याच्या पूर्ण ताब्यात जातो. विक्री करणाऱ्यावर कठोर कारवाई आणि सेवन करणाऱ्याला उपचार, ही रेघ प्रत्येक संस्थेने लिहून ठेवली पाहिजे.

पिंपळे गुरवजवळ सांगवी फाट्याचे औंध जिल्हा रुग्णालय आहे, संत तुकारामनगरला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, येरवड्याला मुक्तांगण आहे. केंद्र निवडताना पालकांनी नोंदणी पाहावी. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे विकार मानसिक आजारांत धरले आहेत, त्यामुळे रुग्णाला सन्मानाचा, गोपनीयतेचा आणि क्रूर वागणुकीपासून संरक्षणाचा हक्क आहे. साखळीने बांधणारे, मारणारे, घरच्यांना भेटू न देणारे केंद्र कितीही स्वस्त असले तरी तिथे मूल सोडू नये.

वस्तीने उचलायची पावले

आता पुन्हा पिंपळे गुरवकडे वळू. भाडेकरूची पोलीस पडताळणी आपण करतोच. त्याच वेळी घरमालकाने विद्यार्थ्याच्या कॉलेजचे नाव आणि पालकांचा नंबर लिहून घ्यावा, आणि कॉलेजने प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याचा खोलीचा पत्ता घ्यावा. त्या पत्त्यांवरून एकाच भागात राहणाऱ्या सहा नवख्यांना तिथलाच एक ज्येष्ठ विद्यार्थी जोडून देता येईल. आयोगाचा नियम कागदावरून वस्तीत आणण्याचा हा सोपा मार्ग आहे. खोलीतला मुलगा चार दिवस झोपलेला नाही, मेस बंद केली आहे, वस्तू विकतो आहे, हे सर्वांत आधी खोलीतल्या सोबत्याला कळते. त्याला सांगायला एक विश्वासाचे माणूस हवे, आणि सांगितल्यावर मित्र अडकणार नाही याची खात्री हवी.

लहान कॉलेजांना पूर्णवेळ समुपदेशक परवडत नसेल तर सांगवी-पिंपळे परिसरातल्या कॉलेजांनी, क्लासेसनी आणि अभ्यासिकांनी मिळून नेमावा, आणि त्याची वेळ संध्याकाळची ठेवावी. काम करणारा विद्यार्थी दुपारी येऊ शकत नाही. महापालिकेच्या शाळांची मैदाने रात्री दहापर्यंत उजेडात खुली राहावीत. निळू फुले नाट्यगृहाच्या परिसरात कॉलेजच्या एकांकिकांना तालमीची जागा सवलतीत मिळावी. औषध दुकानदारांनी चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या आणि इंजेक्शने न देण्याचे आपल्या संघटनेत ठरवावे. जिमचालकांनी कचऱ्याच्या डब्यात सिरिंज दिसली तर गप्प बसू नये. गणेश मंडळांनी मिरवणुकीत दारू पिऊन नाचणाऱ्याला पथकातून बाहेर काढण्याचा नियम करावा. पोरे मंडळाच्या अध्यक्षाचे ऐकतात, आणि ही ताकद प्राचार्यांकडेही नसते. चाकण-भोसरीतल्या कंपन्यांनी शिकणाऱ्या मुलांना परीक्षेच्या काळात सलग रात्रपाळ्या लावू नयेत. पोलिसांनी कॉलेजात भाषणासाठी येण्यापेक्षा एकाच ओळखीच्या अधिकाऱ्याने दर महिन्याला विद्यार्थ्यांना भेटावे, आणि आलेल्या माहितीचे पुढे काय झाले ते सांगावे. सांगूनही काही होत नाही हा अनुभव आला की माहिती येणे थांबते.

कॉलेजांनी दरवर्षी निनावी पाहणी करून तिचे निष्कर्ष पालकसभेत मांडावेत. किती तक्रारी आल्या, किती मुलांना उपचाराला पाठवले, किती परत वर्गात आली. नाव खराब होईल ही भीती सोडली पाहिजे. तक्रारी शून्य असलेले कॉलेज सुरक्षित असते असे नाही. तिथे बहुधा कोणी बोलत नसते.

पालकहो, मुलाला गुणांबरोबर झोपेबद्दल आणि मित्रांबद्दल विचारा, आणि वर्षातून एकदा त्याची खोली पाहायला या. घरमालकहो, भाड्याच्या तारखेखेरीज महिन्यातून एकदा दार वाजवा. आणि विद्यार्थी मित्रांनो, मित्र अडचणीत असेल तर हे नंबर आजच फोनमध्ये साठवा : व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६, अमली पदार्थांच्या विक्रीची माहिती देण्यासाठी १९३३, रॅगिंगविरुद्ध १८००-१८०-५५२२ आणि जिवावर बेतले तर ११२. मित्राला वाचवायला फोन करणे म्हणजे चुगली नाही. तो फोन करा.